थापा मारण्याचा अधिकार

ऑस्कर वाइल्डची ‘द स्फिंक्स’ ही दीर्घ कविता १८९४ साली पुस्तकरूपात निघाली. पुढच्या वर्षी पॉल व्हॅलेरीचा लिओनार्दो दा विंचीवरचा निबंध आला आणि १८९६ साली आल्फ्रेड जारीचं ‘उबू र्वा’ हे धुडगूस घालणारं नाटक. तिघांचा पिंड एकमेकांशी मुळीच न जुळणारा. तिन्ही कृती अर्पण केल्या आहेत मात्र एकाच माणसाला, मार्सेल श्वॉबला. फ्रेंच प्रतीकवादाच्या इतिहासात हा लेखक आता बहुधा असाच, दुसऱ्यांच्या अर्पणपत्रिकेत भेटतो. त्याची स्वतःची पुस्तकं मागे पडली, आणि ही चूक दुरुस्त व्हायला हवी.

श्वॉब १८६७ साली पॅरिसजवळच्या शाव्हील गावी जन्मला. वडील नाँतमधल्या एका दैनिकाचे मालक. मामा लेआँ काहून पॅरिसच्या माझारिन ग्रंथालयात ग्रंथपाल. शिकायला तो या मामाकडेच राहिला. जुन्या कागदांचा नाद तिथे लागला, पण त्याला राजेरजवाड्यांचं कौतुक नव्हतं. ओढ होती ती चोरांच्या बोलीची. १४५५ साली दिजाँ शहरात ‘कोकीयार’ नावाच्या टोळीवर खटला चालला होता. त्या दप्तरात टोळीच्या सांकेतिक शब्दांची यादी होती. ती हाताशी धरून श्वॉब पंधराव्या शतकातला कवी फ्रान्स्वा व्हीयाँ याच्या चोरभाषेतल्या, कुणालाच नीट न उलगडणाऱ्या कवितांच्या मागे लागला. तेव्हा तो जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा होता.

असा कागदाला कागद लावणारा माणूस पुढे बेधडक थापा मारू लागला, हीच त्याची खरी गंमत.

१८९६ साली त्याचं ‘काल्पनिक चरित्रे’ हे पुस्तक आलं. वीसेक माणसं, प्रत्येकाला पाच-सहा पानं. त्यांत तत्त्वज्ञ आहेत, गणिका आहेत, समुद्री चाचे तर बरेच. बहुतेक जण इतिहासात खरोखर होऊन गेलेले. प्रस्तावनेत श्वॉबने इतिहासकारांवर थेट आरोप ठेवला आहे: माणूस मोठ्या घटनेला जिथे चिकटलेला असतो तेवढाच त्यांना दिसतो, बाकीचा ते फेकून देतात. अॅरिस्टॉटलचं तत्त्वज्ञान सगळ्यांना ठाऊक. पण तो पोटावर गरम तेलाची कातडी पिशवी बांधायचा, ही जुन्या चरित्रकाराने टिपलेली गोष्ट श्वॉबला जास्त मोलाची वाटते, कारण ती फक्त त्या एकाच माणसाची आहे. जन्म, शिक्षण, पदं, सत्कार आणि निधन या क्रमाने चालणारी आपली गौरवग्रंथी चरित्रं ज्याने वाचली आहेत, त्याला हा आरोप लगेच पटेल.

सांगितलं तसं तो करूनही दाखवतो. फ्लॉरेन्सचा चित्रकार पाओलो उच्चेल्लो यथादर्शनाच्या वेडाने झपाटलेला होता, एवढं चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने लिहून ठेवलेलं आहे. श्वॉब त्या वेडाचा शेवट गाठतो. त्याने सेल्व्हाज्जा नावाची एक मुलगी कल्पिली. ती उच्चेल्लोला जीव लावते, त्याच्या घरी राहते. उच्चेल्लोला तिच्या चेहऱ्यातल्या रेषा दिसतात, डोळ्यांची वर्तुळं दिसतात. घरात खायला काही नाही, हे दिसत नाही. मुलगी भुकेने मरते. हा ताठरलेल्या देहाच्या रेषाही चितारून घेतो, आणि ती मेली हे त्याच्या लक्षात येत नाही. कलेच्या एकनिष्ठेचं स्तोत्र गाणाऱ्या प्रतीकवाद्यांच्या घोळक्यात बसून, कवी मालार्मेच्या मंगळवारच्या बैठकांना जाऊन, एवढं निष्ठुर लिहायला धैर्य लागतं.

रोमन लेखक पेत्रोनियसच्या बाबतीत तर त्याने इतिहासकार टॅसिटसलाच खोटं पाडलं. नीरोच्या मर्जीतून उतरलेल्या पेत्रोनियसने शिरा कापून घेतल्या, असं टॅसिटस सांगतो. श्वॉबचा पेत्रोनियस तसं काही करत नाही. स्वतः लिहिलेली भटकंती स्वतःच जगून पाहायला तो आपल्या गुलामासोबत रस्त्यावर उतरतो.

मग हा इतिहासाशी खेळ नव्हे काय? आहे. फरक एवढाच की श्वॉबने ‘काल्पनिक’ हा शब्द मुखपृष्ठावरच छापला. आपल्याकडे चरित्रपटाच्या सुरुवातीला ‘सत्यघटनेवर आधारित’ म्हणायचं, आणि कुणी विचारलं की सिनेमॅटिक स्वातंत्र्याकडे बोट दाखवायचं, अशी दुहेरी सोय असते. ती सोय श्वॉबने घेतली नाही. त्याहून मोठा पुरावा म्हणजे ज्या व्हीयाँवर त्याने सगळं आयुष्य घालवलं, तो या पुस्तकात नाहीच. व्हीयाँच्या काळचं पॅरिस एका लेस विणणाऱ्या बाईच्या कथेत येतं, खुद्द कवी येत नाही. व्हीयाँवरचं काम दप्तरखान्यातल्या पुराव्यानेच व्हायचं होतं. ते अपुरं राहिलं. टिपणं श्वॉबच्या मृत्यूनंतर १९१२ साली छापली गेली. कुठे कल्पना चालवायची आणि कुठे हात आखडायचा, हे ज्याला इतकं नेमकं कळतं, त्याने थापा मारल्या तर बिघडलं कुठे?

या पुस्तकाच्या सुमारास आजारपणाने त्याला धरलं. शस्त्रक्रिया, मॉर्फिन, अंथरूण. नवी कथा जवळपास थांबली, तरी अभिनेत्री सारा बर्नहार्टसाठी ‘हॅम्लेट’चं फ्रेंच भाषांतर त्याने सहकाऱ्यासोबत केलं. १९०१ मध्ये अशाच प्रकृतीने तो सामोआला निघाला. ज्याच्याशी पत्रव्यवहार होता त्या कादंबरीकार स्टीव्हन्सनची तिथे समाधी होती. तिथे पोचला आणि पुन्हा आजारी पडला. समाधी न पाहताच परतला. १९०५ साली, सदतिसाव्या वर्षी गेला.

अर्जेंटिनाचा कथाकार बोर्हेस याने १९३५ च्या आपल्या बदमाशांच्या इतिहासाचं एक मूळ श्वॉबच्या या पुस्तकात असल्याचं पुढे स्वतःच सांगितलं. बोर्हेस वाचणारे पुष्कळ, श्वॉबपर्यंत मागे जाणारे थोडे. इंग्रजी भाषांतर मिळतं. सुरुवात उच्चेल्लोपासून करावी. चाच्यांच्या कथा सलग वाचू नयेत, त्या एकमेकींसारख्या वाटू लागतात आणि त्यांत दोष श्वॉबचाच आहे.