नवी माशी खरी की खोली?

इंग्लंडमधील ब्लॅग्डन तलावावर ट्राउट धरणारे गळाला गांडूळ लावीत नाहीत. पिसे व दोरा यांची कृत्रिम माशी लावतात. पूर्वी या माश्या बहुधा भडक असत, कीटकांशी त्यांचे साम्य नसे. दोन महायुद्धांच्या दरम्यान तेथे मासे धरणाऱ्या डॉ. बेल यांनी ट्राउटची जठरे उघडून पाहिली आणि आत सापडलेल्या कीटकांसारख्या माश्या बनविल्या. कायरोनोमिड या न चावणाऱ्या, डासासारख्या कीटकाचा कोश तळाकडून सावकाश वर येतो, तेव्हा ट्राउट तो गिळतो. त्याची नक्कल हा निरीक्षणावर आधारलेला उत्तम तर्क होता.

परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे. नवी माशी बहुधा जुनीला मासा लागेनासा झाला म्हणजेच पेटीतून निघते. तिच्याबरोबर जागा, खोली आणि दोर ओढण्याचा वेगही बदलतो. मग मासा लागला तर श्रेय कोणाचे? आणि न लागला तर दोष माशीचाच कशावरून?

आमच्या मते दोन्ही माश्या एकाच जागी, एकाच खोलीवर, एकाच वेगाने, अर्ध्या-अर्ध्या तासाने आलटून पालटून वापराव्यात. रिकामे गेलेले अर्धे तासही वहीत नोंदवावेत. असे अनेक दिवस करावे.

विद्यार्थी मित्रहो, ‘एका वेळी एकच गोष्ट बदला’ हा नियम केवळ प्रयोगवहीसाठी नाही. नव्याला संधी नाकारणे जितके अशास्त्रीय, तितकेच एका माशावरून त्याला डोक्यावर घेणेही अशास्त्रीय होय.