वाशिमची फाळणी आता मिटवा

येत्या मतदारसंघ पुनर्रचनेत वाशिम जिल्हा अखंडपणे एकाच लोकसभा मतदारसंघात असला पाहिजे. २००८च्या पुनर्रचनेत वाशिम मतदारसंघ संपला. वाशिम आणि कारंजा विधानसभा क्षेत्रे यवतमाळ-वाशिममध्ये गेली, रिसोड अकोल्यात.

स्वतंत्र मतदारसंघाचा आग्रह मात्र टिकणारा नाही. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख, तर राज्यात एका लोकसभा मतदारसंघामागे सरासरी २३ लाखांहून अधिक माणसे. कोणत्या तरी शेजाऱ्याशी जोडले जाणे अटळ आहे. तुकडे होणे अटळ नाही. जिल्ह्यातील तिन्ही विधानसभा क्षेत्रे, म्हणजे लोकसभा मतदारसंघातील सहापैकी तीन, एकत्र राहिली, तर जिल्हा निम्म्या मतदारसंघाएवढा ठरतो आणि त्याला डावलून कोणालाही निवडून येणे कठीण होते. आज तो एकीकडे सहापैकी दोन, दुसरीकडे सहापैकी एक आहे. दोन्हीकडे अल्पमतात. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतील वाशिमला हे परवडणारे नाही. जिल्हाधिकारी एक, खासदार दोन, आणि दोघांच्याही मतांचा मोठा साठा जिल्ह्याबाहेर.

पुनर्रचना ज्या जनगणनेची वाट पाहते आहे, त्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. २००२च्या परिसीमन कायद्यात प्रशासकीय सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय लक्षात घेण्याचे तत्त्व होते. येत्या पुनर्रचनेच्या नव्या कायद्यातही ते हवे. परिसीमन आयोगाचा अंतिम आदेश न्यायालयात सहजी बदलून मिळत नाही. म्हणून जिल्ह्यातील आमदारांनी आणि दोन्ही खासदारांनी पक्षभेद बाजूला ठेवून एकच संयुक्त मागणी आताच तयार करावी.