विद्यापीठाची निवड आणि डोंगराचे सान्निध्य

बारावीचा निकाल लागला की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या मध्यमवर्गीय घरांत एकच विषय चर्चिला जातो. कोणत्या महाविद्यालयात प्रवेश मिळेल, गुणांची मर्यादा किती टक्क्यांवर थांबेल, शुल्क किती, वसतिगृहाची सोय आहे काय, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संस्था रेल्वे स्थानकापासून किती दूर आहे! या चर्चेत एखाद्या मुलाने वा मुलीने 'त्या विद्यापीठाजवळ डोंगर चांगले आहेत' असे कारण पुढे केले, तर वडीलधारी मंडळी कपाळाला हात लावतात. परदेशी शिक्षणाची वाट या उपनगरांतील अनेक कुटुंबांना आता परिचयाची झाली आहे. त्यामुळे सॉल्ट लेक सिटी, बोल्डर, व्हँकुव्हर ही नावे येथील दिवाणखान्यांतही ऐकू येऊ लागली आहेत. तेथील विद्यापीठांच्या लौकिकाबरोबरच तासाभराच्या अंतरावर असलेल्या बर्फाच्छादित उतारांचा आणि स्कीइंगचा उल्लेख मुले करतात. आईवडील मात्र कर्जाचा हप्ता मोजत असतात. मुलांचे हे कारण केवळ पोरकट म्हणून झिडकारावे काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. स्थानकापासूनचे अंतर हीसुद्धा भूगोलाचीच कसोटी आहे. महाविद्यालय 'पूर्वेला' आहे की 'पश्चिमेला', तेथे जलद गाडी थांबते की नाही, यावर डोंबिवलीतील कितीतरी विद्यार्थ्यांचा अभ्यासविषयही ठरत आला आहे. जागेचा विचार करून संस्था निवडणे हे शहाणपणाचे मानले जाते. मग ती जागा फलाटाऐवजी पर्वताजवळची असली की तो छचोरपणा का ठरावा?

पाश्चात्त्यांचा अनुभव

पर्वत आणि विद्यापीठ यांचे नाते पाश्चात्त्य देशांत जुने आहे. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक विद्यापीठाची स्थापना १६६९ सालची. त्या शहराने १९६४ आणि १९७६ अशा दोन हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा भरविल्या. फ्रान्समधील ग्रनोबल हे विद्यापीठाचे शहर. तेथे १९६८ च्या स्पर्धा झाल्या. अमेरिकेत डार्टमथ महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९०९ मध्ये आपले भटकंती मंडळ स्थापन केले आणि हिवाळ्यात वसतिगृहात कोंडून घेण्याऐवजी बर्फात उतरण्याची प्रथा पाडली. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये खेळाडूंची वसाहत यूटा विद्यापीठाच्या आवारात होती आणि उद्घाटनाचा सोहळा त्याच विद्यापीठाच्या क्रीडांगणावर झाला. या विद्यापीठांनी अध्ययन सोडून खेळाचा धंदा मांडला, असे कोणीही म्हणणार नाही. उलट बर्फ, हिमस्खलन, पर्वतीय वनस्पती व हवामान यांचा शास्त्रीय अभ्यास पर्वताच्या पायथ्याशीच अधिक चांगला होऊ शकतो, हे त्यांनी ओळखले.

तथापि या उदाहरणांनी हुरळून जाण्याचेही कारण नाही. पाश्चात्त्य विद्यार्थ्याला जो छंद सहज परवडतो, तो कर्ज काढून गेलेल्या भारतीय विद्यार्थ्याला परवडेलच असे नाही. स्कीइंगची साधने, उतारावर जाण्याचे प्रवेशशुल्क, अपघाताचा विमा हे सारे खर्चाचे काम आहे. शिवाय ज्या बर्फाच्या भरवशावर निवड करावयाची, तो बर्फही आता पूर्वीसारखा विश्वासाचा राहिलेला नाही. आपल्याच देशात श्रीनगरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेले गुलमर्ग हे स्कीइंगचे प्रमुख केंद्र. तेथे २०२४ च्या जानेवारीत उतार उघडे पडलेले होते आणि २०२५ च्या फेब्रुवारीत पुरेशा बर्फाअभावी खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. आउलीच्या उतारांखाली वसलेल्या जोशीमठातील घरांना २०२३ च्या जानेवारीत तडे गेले, ही घटनाही विसरण्याजोगी नाही. केवळ एका खेळासाठी चार वर्षांचे आयुष्य आणि आईवडिलांची पुंजी पणाला लावणे शहाणपणाचे नव्हे, हे निःसंशय.

म्हणून येथे कसोट्यांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम विषय, मग तो विषय शिकविणारे अध्यापक, त्यानंतर खर्चाचा मेळ. या तीन कसोट्यांवर दोन संस्था बरोबरीने उतरल्या तर मग परिसराचा विचार अवश्य करावा, आणि तो मोकळेपणाने, लाज न बाळगता करावा. वयाच्या अठराव्या ते बाविसाव्या वर्षांपर्यंतचा काळ माणूस जेथे घालवितो, तेथील हवा, वाटा आणि माणसे त्याच्या स्वभावात उतरतात. पदवी ही त्या चार वर्षांची एकमेव कमाई नव्हे.

पश्चिमेकडे जाणारी गर्दी

ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र हा प्रश्न परदेशाचा नाहीच. तो मुळात डोंगराच्या पायथ्याशीच राहतो. केवळ त्याला त्याची जाणीव करून दिली जात नाही. १८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोहोचला, आणि तेथून त्याला दोन फाटे फुटले. एक थळ घाटाच्या दिशेने कसाऱ्याकडे, दुसरा बोर घाटाच्या दिशेने कर्जतकडे. हे दोन्ही फाटे सह्याद्रीला जाऊन भिडतात. कल्याणहून आसनगाव वा नेरळ गाठण्यास एक तासही लागत नाही. आसनगावला उतरले की माहुली, नेरळला उतरले की माथेरान आणि पेब. कल्याणच्या पाठीशी मलंगगड उभा आहे; बदलापूर-वांगणीच्या प्रवाशाला गाडीच्या खिडकीतून चंदेरीचा सुळका दिसतो. मुरबाडच्या पुढे नाणेघाट आहे. जुन्नरहून कल्याणच्या बंदराकडे येणारा प्राचीन व्यापारी मार्ग तो हाच, आणि तेथील लेण्यात सातवाहनकालीन शिलालेख आजही पाहावयास मिळतो. १८५० मध्ये ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट माथेरानच्या पठारावर पोहोचले, तेव्हा आगगाडीही नव्हती.

इतके वैभव पूर्वेला असताना आमचा विद्यार्थी रोज सकाळी त्याकडे पाठ फिरवून पश्चिमेकडे धाव घेतो. मुंबईतील नामवंत महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून तो धडपडतो आणि तो मिळाल्यावर जाण्यायेण्यात दिवसाचे तीन तास घालवितो. वर्षाचे दोनशे दिवस धरले तरी हे सहाशे तास होतात. पदवीच्या तीन वर्षांत अठराशे. या गर्दीची किंमत केवळ वेळेत मोजावयाची नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लटकणारे प्रवासी रुळांवर पडून मृत्युमुखी पडले, तेव्हा साऱ्या उपनगरांना काही दिवस हळहळ वाटली. पुढे गाड्या पूर्ववत धावू लागल्या, आणि दारात लटकणेही पूर्ववत सुरू झाले. डोंगरावर जाणे धोक्याचे म्हणून मुलाला अडविणारे पालक त्याच मुलाला रोज सकाळी ७.४० च्या गाडीला लटकण्यासाठी पाठवितात, ही विसंगती कोणालाच जाणवू नये काय?

मुंबई विद्यापीठाची उपकेंद्रे आता ठाण्यात आणि कल्याणात आहेत. ठाण्याचे बांदोडकर व जोशी-बेडेकर, कल्याणचे बिर्ला, डोंबिवलीचे पेंढरकर अशी महाविद्यालये घराजवळ आहेत. विषय आणि अध्यापक यांच्या बाबतीत समाधान होत असेल, तर यांपैकी एखादी संस्था निवडून वाचलेले सहाशे तास ग्रंथालयाला आणि सह्याद्रीला देणे, हा दुय्यम पर्याय नव्हे. तो विचारपूर्वक केलेला उत्तम पर्याय ठरू शकतो.

हजेरीचा अडसर

परंतु विद्यार्थ्याने डोंगर निवडला तरी महाविद्यालयाने तो निवडलेला नसतो, ही खरी अडचण आहे. या उपनगरांत गिर्यारोहणाची आवड रुजली ती शिक्षणसंस्थांमुळे नव्हे. शनिवारी कचेरी सुटल्यावर पाठीला पिशवी लावून शेवटची कसारा लोकल पकडणारे कारकून, शिक्षक आणि विद्यार्थी यांनी ती रुजविली. मुलुंडला भरणाऱ्या गिरिमित्र संमेलनास दरवर्षी जमणारी मंडळी पाहिली म्हणजे या परंपरेचे बळ कळते. हे सारे घडले ते रविवारच्या सुट्टीत आणि स्वतःच्या खिशातून.

शास्त्रशुद्ध शिक्षण घ्यावयाचे तर रविवार पुरत नाही. एव्हरेस्टच्या विजयानंतर १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि तेथील प्रशिक्षणाची धुरा तेनझिंग यांच्याकडे आली. १९६५ मध्ये उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था सुरू झाली. मनालीतही अशी संस्था आहे. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची संस्था स्कीइंगचे अल्पमुदतीचे वर्ग चालविते. दार्जिलिंग व उत्तरकाशी येथील मूलभूत अभ्यासक्रम अठ्ठावीस दिवसांचा असतो. म्हणजे ज्याला स्कीइंग वा पर्वतारोहण शिकावयाचे आहे, त्याने त्यासाठी विद्यापीठच बदलले पाहिजे असे नाही. त्याला महिनाभराची रजा हवी. नेमकी तीच त्याला मिळत नाही. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम आड येतो, अंतर्गत परीक्षा आड येते, आणि पर्वत शिकून आलेला विद्यार्थी कागदोपत्री 'गैरहजर' ठरतो!

नव्या शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये जो श्रेयांकांचा आराखडा जाहीर केला, त्यात राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना, क्रीडा, योग आदी सहअभ्यासक्रमांना स्थान दिलेले आहे. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकास तीस तासांचे काम, असे प्रमाण धरले जाते. अठ्ठावीस दिवसांच्या वर्गात दिवसाला सहाच तास मोजले तरी ते १६८ तास होतात. म्हणजे पाच श्रेयांकांहून अधिक. छात्रसेनेच्या निवडक विद्यार्थ्यांना या संस्थांत पाठविले जातेच. मग तोच मार्ग इतर विद्यार्थ्यांनाही खुला करून त्या प्रमाणपत्रास श्रेयांक द्यावेत आणि तो काळ हजेरीत धरावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. यास इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. विद्यापीठाचे एक परिपत्रक पुरेसे आहे. त्याचबरोबर भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र व इतिहास या विषयांचे वर्षातील चार दिवस तरी माहुलीच्या वा नाणेघाटाच्या वाटेवर घ्यावेत. बेसॉल्टच्या थरांचा फळ्यावरील आराखडा आणि प्रत्यक्ष कडा यांतील अंतर गाडीने तासाभराचे आहे.

बंदी हा उपाय नव्हे

प्राचार्यांची धास्ती समजण्याजोगी आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले पुण्याचे महाविद्यालयीन विद्यार्थी बुडून मरण पावले, तेव्हापासून 'सहल' हा शब्दही अनेक संस्थाचालकांना नकोसा झाला. पर्वतही निरुपद्रवी नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का दांडा या शिखराजवळ झालेल्या हिमस्खलनात उत्तरकाशीच्या संस्थेचे पंचवीसहून अधिक प्रशिक्षणार्थी व प्रशिक्षक दगावले. जेथे इतकी जाणकार माणसे होती तेथे हे घडले, मग महाविद्यालयाने ही जबाबदारी का घ्यावी, असा प्रश्न विचारला जाईल.

त्याचे उत्तर असे की, महाविद्यालयाने नकार दिल्याने विद्यार्थी घरी बसत नाहीत. ते पावसाळ्यात धबधब्यांखाली आणि निसरड्या कड्यांवर झुंडीने जातातच; फक्त त्यांच्याबरोबर दोर नसतो, वाट जाणणारा माणूस नसतो आणि घरी खरे ठिकाण सांगितलेले नसते. जिल्हा प्रशासनाला दर पावसाळ्यात मनाई आदेश काढावे लागतात, याचा अर्थ काय? मुलांना डोंगराचे आकर्षण आहे, परंतु शिस्त नाही, हाच. आकर्षण आदेशाने नाहीसे होत नाही. शिस्त मात्र शिकवून येते. हवामान पाहून परत फिरण्यात कमीपणा नाही, ही गोष्ट प्रशिक्षित गिर्यारोहक पहिल्या आठवड्यात शिकतो. अप्रशिक्षिताला ती शिकविण्यासाठी डोंगर फार मोठी किंमत घेतो. ज्या प्राचार्यांना विद्यार्थ्यांच्या जिवाची खरोखर काळजी आहे, त्यांनी सहलीवर बंदी घालण्याऐवजी आपल्या दोन अध्यापकांना उत्तरकाशीला पाठवावे.

बर्फाचे डोंगर जवळ असलेले विद्यापीठ निवडण्याची इच्छा बोलून दाखविणाऱ्या मुलाला हसू नये. विषय, अध्यापक आणि खर्च यांचा हिशेब त्याच्यापुढे अवश्य मांडावा. तो जमत असेल तर त्याला जाऊ द्यावे, जमत नसेल तर कसारा आणि कर्जतचे वेळापत्रक त्याच्या हाती द्यावे. तो जे मागत आहे, त्यातील बर्फाचा भाग वजा केला तरी बरेच काही शिल्लक उरते: मोकळी हवा, शरीराचे कष्ट, सोबत्यावरचा विश्वास आणि स्वतःच्या मर्यादांची ओळख. हे सारे ठाणे जिल्ह्याच्या हद्दीत मिळण्याजोगे आहे. ते अभ्यासक्रमात आणावयाचे की विद्यार्थ्याने चोरून मिळवावयाचे, एवढाच निर्णय विद्यापीठाला करावयाचा आहे.