मिठाचा हिशेब मागा

बिदरजवळ कोळारला आणि हुमनाबादला औषधांचे, रसायनांचे कारखाने आहेत हे आपल्याला माहीत आहे. असे कारखाने हल्ली सांगतात, की थेंबभर पाणी बाहेर जात नाही, सगळं शुद्ध करून पुन्हा वापरतो. हे होऊ शकतं का? होतं. आमचा त्याला विरोध नाही, उलट व्हायलाच पाहिजे. उन्हाळ्यात आपल्या भागात प्यायला पाणी नसतं. तिथं कारखान्यानं तेच पाणी बॉयलरला, कूलिंग टॉवरला फिरवून वापरलं तर चांगलंच की.

पण गोम खर्चात आहे. कमी खारं पाणी जिवाणूंच्या टाकीतून काढून आरओच्या पडद्यातून दाबतात. मागं उरलेलं जहाल पाणी मात्र आटवावंच लागतं. उकळतं १ लिटर पाणी वाफ व्हायला सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. एकाच वाफेला तीन-चार भांड्यांत राबवून खर्च कमी करतात, तरी इंधन लागतंच. रात्री टँकर ओढ्यात सोडणं त्याहून स्वस्त. मोह तिथंच होतो.

कोळारचं पाणी मांजऱ्याकडं उतरतं, आपली अमरजा गाणगापूरला भीमेला मिळते. म्हणून आपण निवांत राहायचं का? टँकरला कुठलं आलंय खोरं!

पाणी आटतं, मीठ आटत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. लिटरला २० ग्रॅम क्षार असलेलं १ लाख लिटर पाणी आटवलं तर २ टन मीठ पोत्यात भरून निघालंच पाहिजे. ते घातक कचऱ्याच्या जागी जातं, प्रत्येक खेपेची नोंद असते. पोती कमी निघाली तर उरलेलं मीठ गेलं कुठं?

तारापूरच्या प्रदूषणाविरुद्ध मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये हरित लवादात गेली. मच्छीमारच होते ते. शंभराहून जास्त कारखान्यांवर भरपाई बसली. वर्षं गेली, पण बसली.

ठेका भरून कटला-रोहूचं बीज आपण सोडतो. पाणी नासलं तर बुडणार आपणच. मासे मेल्यावर पंचनामा करून काय उपयोग? म्हणून आमचं मत, माहिती अधिकारात प्रदूषण मंडळाकडं आत्ताच दोन गोष्टी मागाव्यात: कारखान्यानं घेतलेलं पाणी आणि बाहेर गेलेलं मीठ, महिन्यावार. अर्ज कन्नडमध्ये लिहायला घरची शाळकरी पोरं आहेतच.