उष्टं पाणी

मराठी मध्यमवर्गीय माणूस दूधवाल्यावर संशय घेतो, रद्दीवाल्याच्या तराजूवर घेतो, सरकारवर तर घेतोच घेतो. पण नळावर घेत नाही. नळातून पाणी येतं, ते आपल्याकडे येतं आणि एकदा आलं की आपलं होतं, अशी त्याची गाढ श्रद्धा आहे. नळातून पाणी परतही जातं, असं त्याला सांगितलं तर तो 'ह्यांना जरा हवापालटाची गरज आहे' अशा नजरेनं आपल्याकडे बघतो. ही नजर मी आमच्या सोसायटीत बरीच वर्षं झेलतो आहे. आता तिचा वचपा काढायचा म्हणून हा लेखनप्रपंच.

मुद्दा साधा आहे. पाणी आणि पुढारी, दोघांनाही स्वतःची अशी दिशा नसते. जिकडे दाब कमी, तिकडे ते सरकतात. रस्त्याखालच्या नळीत दाब आहे तोवर पाणी आपल्या घराकडे येतं. आपल्याकडे पाणी येतं ते मोजके तास. मग चावीवाला चावी बंद करतो. उतारावरच्या लोकांचे नळ उघडेच असतात, त्यामुळे नळी रिकामी होऊ लागते, आणि रिकामी होणारी नळी ओढते. उसाच्या रसाच्या ग्लासात घातलेली स्ट्रॉ पोरगं ओढतं, अगदी तशी. त्या वेळी तुमची रबरी नळी गाडी धुण्याच्या बादलीत बुडालेली असेल आणि नळ उघडा असेल, तर साबण, चिखल आणि टायरला लागलेलं जे काही असेल ते, असं सगळं मिश्रण मुकाट्यानं उलट्या पावली निघतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी येतं तेव्हा ते खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या चहाच्या आधणात पडतं. काकू म्हणतात, "आज पाण्याला जरा वास येतोय, क्लोरीन जास्त घातलंय वाटतं." क्लोरीन बिचारं निर्दोष असतं.

त्यातून कुणी थेट नळाला मोटर लावलेली असेल तर विचारूच नका. पाणी ओढण्यात त्या मोटरची बरोबरी कुणी करू शकत नाही. पण नळीत पाणी नसेल तर ती शेजारच्यांच्या नळ्यांतून ओढते, फुटक्या जोडातून गटाराच्या कडेची ओलही ओढते. 'आम्हाला पाणी मिळतं बुवा' असं अभिमानानं सांगणाऱ्यांनी ते नेमकं कुठलं, हेही एकदा विचारावं.

आमच्या आजीला दाब, निर्वात असले शब्द ठाऊक नव्हते. पण माठात कुणी खरकटा पेला बुडवला, की पाठीत धपाटा ठरलेला. माठातलं पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानंच काढायचं, आणि तांब्या ओठाला न लावता वरूनच प्यायचं. तांब्याची कड आणि माणसाचं तोंड यांच्यामधल्या त्या चार बोटं मोकळ्या जागेला इंजिनिअर लोक 'एअर गॅप' म्हणतात. पाण्याला एक गुण नाही: मधे हवा असली तर ते उडी मारून मागे जाऊ शकत नाही. नळाचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या वर असेल, तर नळीनं कितीही जीव खाऊन ओढलं तरी तिला हवाच मिळते. जगातल्या तमाम झडपांपेक्षा ही फुकटची हवा भरवशाची. आजीनं ते ओळखलं होतं. आम्ही पदव्या घेतल्या आणि नळी बादलीत सोडली.

बाटण्याची भीती आपल्याला नव्हती असंही नाही. पाण्याला माणसाचा हात लागला तर ते बाटतं, ह्या समजुतीपायी ह्याच महाराष्ट्रात काय काय घडलं, ते १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यानं पाहिलं आहे. ज्या हातांनी पाण्याचं काही बिघडत नव्हतं त्यांना काठावरून हाकललं. आणि ज्या बादलीनं ते खरोखर नासतं, ती खुशाल नळाखाली ठेवून आपण आंघोळीला जातो. आपलं सोवळं नेहमी चुकीच्या ठिकाणी कडक असतं.

'हे सगळं पुस्तकात' म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. १९३३ साली शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. देशोदेशीचे पाहुणे आले, चांगल्या हॉटेलांत उतरले. त्यांतल्या दोन हॉटेलांच्या जुन्या नळजोडणीत सांडपाणी आणि पिण्याचं पाणी यांची भेट झाली. अमीबाची आव पसरली: १,४०९ रुग्ण, ९८ मृत्यू. १९६९ साली अमेरिकेतल्याच वूस्टर गावात आग लागली, बंबांनी पाणी ओढलं आणि नळांतला दाब पडला. जवळच्या होली क्रॉस कॉलेजच्या मैदानात गवताला पाणी घालायचे नळ जमिनीतल्या खड्ड्यांत होते. त्या खड्ड्यांतलं घाण पाणी पिण्याच्या नळीत ओढलं गेलं. जवळजवळ सगळ्या फुटबॉल संघाला कावीळ झाली आणि उरलेला हंगाम रद्द करावा लागला. आग दुसऱ्याच्या घराला आणि अंथरुणाला खिळले खेळाडू!

आपल्याकडे तर नदीनंच हा प्रयोग करून दाखवला. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचा प्रवाह सरकला, नजफगढ नाल्याचं सांडपाणी उलटं वझिराबादच्या पंपांकडे गेलं आणि सुमारे २९ हजार लोक कावीळीनं पिवळे झाले. २०२५ च्या आरंभी पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला गियाँ-बारेचे रुग्ण वाढले आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली, तेव्हा घरोघरी पातेली चढली. पुढे गॅस संपला आणि शहाणपणही.

आता विरोधी पक्षाकडे वळू. विषय सोसायटीच्या सभेत मांडला की तीन उत्तरं हमखास मिळतात.

पहिलं: "इतकी वर्षं काही झालं का?" झालं की! दर पावसाळ्यात अर्ध्या बिल्डिंगची पोटं बिघडतात, पण आपण त्याचा आळ कोपऱ्यावरच्या भेळवाल्यावर घालतो. भेळवाला निदान समोर उभा तरी असतो.

दुसरं: "आमच्याकडे आरओ आहे." उत्तम. पण तुम्ही दात आरओनं घासता का? कोथिंबीर आरओत धुता का? नातवाच्या आंघोळीत त्याच्या तोंडात जाणारं पाणी कुठलं? आणि तुमच्या बादलीतलं पाणी खालच्यांच्या घरी गेलं तर तुमचा आरओ त्यांच्या काय कामाचा?

तिसरं: "हे नगरपालिकेचं काम." रस्त्याखालचं काम तिचं, ते तिनं करावंच आणि केलं नाही तर तिला सोडू नये. पण मीटरपासून आतली नळी आपली आहे. प्रवेशद्वाराला ग्रॅनाइट बसवताना आपण नगरपालिकेला विचारलं नव्हतं.

म्हणून ही मागणीवजा यादी. रबरी नळीचं तोंड बादलीत, टबात, हौदात बुडवू नये. संडासातला जेट त्याच्या आकड्याला टांगावा, बादलीत सोडू नये आणि मागचा कॉक बंद करावा. टाकीत येणाऱ्या नळीचं तोंड पाणी जास्तीत जास्त जिथवर चढेल त्याच्या वर असावं. नळीच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतर हवं, घरगुती नळीला साधारण दोन बोटं. बॉलकॉक बिघडून टाकी भरून वाहिली तरी ते तोंड बुडता कामा नये. नळाला थेट मोटर लावू नये, लावली असेल तर काढावी.

आणि जिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे तिथे त्याची विचारपूस करावी. हा पितळी गृहस्थ म्हणजे नळीतला वॉचमन: येणाऱ्याला सलाम, परत जाणाऱ्याला मज्जाव. पण वॉचमनसारखाच त्यालाही डुलका लागतो. झडपेखाली वाळूचा एक कण अडकला की दार किलकिलं राहतं. वॉचमनला निदान दिवाळीला बोनस मिळतो. ह्याला बसवल्यापासून कुणी उघडलेलं नसतं. कित्येकदा तो उलटाच बसवलेला असतो. त्याच्या अंगावर बाण असतो, तो पाणी येण्याच्या दिशेनंच हवा.

परीक्षा सोपी आहे. वरच्या टाकीकडे जाणारी नळी भरलेली असताना मेन चावी बंद करा आणि चावी व व्हॉल्व्ह यांच्यामधला तपासणीचा नळ उघडा. थोडं पाणी येऊन थांबलं तर वॉचमन जागा आहे. येतच राहिलं तर तो झोपलाय. तपासणीचा नळ नसेल तर प्लंबरकडून बसवून घ्या. झोपलेला व्हॉल्व्ह, दोन्ही बाजूंचं पाणी बंद करून, टोपी काढून उघडावा, झडप पुसावी, रबर चिरलं असेल तर बदलावं. आत स्प्रिंगची छोटी झडप असलेला, न उघडणारा असेल तर सरळ नवा आणावा. घरगुती मापाचा व्हॉल्व्ह काही सोन्याचा नसतो. हे वर्षातून एकदा तरी करावं, गढूळ पाणी येऊन गेल्यावर तर नक्कीच. अमेरिकेत बऱ्याच गावांत अशा यंत्रांची दरवर्षी तपासणी करून दाखला द्यावा लागतो. आपल्याकडे दाखले जन्माचे आणि मृत्यूचे. मधल्या पाण्याचं कुणी विचारत नाही.

आमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेची विषयपत्रिका परवाच आली. रंगकाम, पार्किंग, गणपतीची वर्गणी, सीसीटीव्हीचे आणखी चार कॅमेरे. पाणी हा विषय 'आयत्या वेळी येणारे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने' ह्या सदरात बसवावा, असा चिटणीसांचा सल्ला आहे. मी लेखी हरकत घेतली आहे. पाणी पहिला विषय झाला पाहिजे, आणि तोही सामोसे येण्याच्या आधी. कारण सामोशांनंतर सगळेच पाणी प्यायला उठतात आणि कोरम मोडतो.