कुलाब्याची ट्राम आणि पेशीचा केस

तिसऱ्या रांधण्यापूर्वी मिठाच्या पाण्यात ठेवण्याची रीत अलिबाग-मुरुडकडच्या घरांना नवी नाही. पहाटे पाहावे तो परातीतल्या शिंपा किंचित उघडून त्यांनी इवल्या नळ्या बाहेर काढलेल्या असतात, आणि बोट लागताच त्या साऱ्या लगबगीने आत जातात. या नळ्यांतून पाणी खेळते ते कल्ल्यांवरील असंख्य केसलांच्या, म्हणजे पेशींवरील केसासारख्या सूक्ष्म तंतूंच्या, अविरत हालचालीने. आपल्या देहातील बहुतेक पेशींवरही केसल असतो, पण तो एकटा, मिलिमीटरच्या काही सहस्रांशांएवढा, आणि वल्ह्यासारखा न हालणारा. १८९८ साली त्सिमरमान यांनी मानवी मूत्रपिंडात त्याचे वर्णन केले, तरी पुढे कित्येक दशके हा प्राथमिक केसल म्हणजे उत्क्रांतीचा निरुपयोगी अवशेष, अशीच त्याची दप्तरी नोंद राहिली.

२००१ साली प्रेटोरियस आणि स्प्रिंग यांनी प्रयोगपात्रात वाढविलेल्या मूत्रपिंडाच्या पेशीवरील हा केस सूक्ष्म नळीने वाकविला, तेव्हा पेशीतील कॅल्शियम वाढले. २००३ साली नाउली आणि सहकाऱ्यांनी पॉलिसिस्टिन या प्रथिनांच्या जोडीशी त्याचा संबंध जोडला, आणि हीच प्रथिने बिघडली की मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी धरतात हे आधीच ठाऊक असल्यामुळे, मूत्राचा प्रवाह जोखणारा स्पर्शक सापडला, अशी द्वाही फिरली. कथा इतकी सुबक जुळली होती, की तिची उलटतपासणी घेण्याची निकड फारशी कोणास भासली नसावी.

येथे मला आमच्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचे स्मरण होते. आधी मुंबईच्या कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. शहरात विजेची ट्राम येणार असे ठरताच, यापुढे सुई हलली तर ती पृथ्वीमुळे की ट्रामच्या प्रवाहामुळे हे कळणार कसे, हा प्रश्न वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्यापुढे उभा राहिला, आणि १९०४ साली लोखंड वर्ज्य करून बांधलेल्या अलिबागच्या इमल्यात नवी उपकरणे मांडली गेली. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन, त्या ताडून पाहून, मगच जुन्या जागेचा निरोप घेतला गेला. सुईवर अविश्वास दाखविण्याची ती शिस्त मला सुईच्या नाजूकपणाहून अधिक मोलाची वाटते.

केसलाच्या प्रकरणात ही ट्राम २०१६ साली ध्यानात आली. डेलिंग आणि सहकाऱ्यांनी पेशीच्या पोटात नव्हे, तर खुद्द केसलातच कॅल्शियम मोजण्याची युक्ती योजिली, तेव्हा केसल वाकूनही त्यात कॅल्शियमची वाढ आढळली नाही. उलट पेशीत उठलेली लाटच कधी कधी केसलात शिरते असे दिसले. म्हणजे ज्यास साक्षीदार समजावे, तोच ऐकीव जबानी देत होता की काय! परंतु निकाल तेवढ्याने लागला नाही. २०२३ साली उंदराच्या आणि झेब्रा माशाच्या गर्भांत, शरीराची डावी-उजवी बाजू जेथे ठरते तेथील निश्चल केसल प्रकाशकिरणांच्या चिमट्याने हलविले असता, पॉलिसिस्टिनच्याच साहाय्याने कॅल्शियमचा प्रतिसाद उमटला.

तेव्हा गर्भातील त्या ठिकाणी केसलास प्रवाहाची चाहूल लागते, हे मानण्यास आता भक्कम आधार आहे; मूत्रपिंडात लागते की नाही, ती फिर्याद मात्र अद्याप चालू आहे. तेथील प्रथिने केसलात वसतात आणि ती बिघडली की गाठी होतात, एवढे निर्विवाद. प्रवाह न कळल्यामुळेच गाठी होतात, हे निर्विवाद नव्हे. हा भेद पंडितांच्या वादापुरता नाही: गाठींच्या या विकाराच्या प्रमुख प्रकारात मातापित्यांपैकी एकास दोष असला तर प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा असतो, आणि अशा घरातील माणूस जेव्हा विचारतो की औषध कशावर योजायचे, तेव्हा प्रवाह ही कल्पना धरायची की प्रथिनाचे दुसरे एखादे काम, यावर त्याचे उत्तर अवलंबून राहते. म्हणून विज्ञानाच्या मराठी लेखांत आणि क्रमिक पुस्तकांत ‘पेशीचा अँटेना’ ही आकर्षक उपमा जेथे छापली जाईल, तेथेच २००१ च्या शेजारी २०१६ आणि २०२३ हीही साले छापली जावीत, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी फार तर दोन ओळी अधिक लागतील.