त्र्यंबक: बारा हजारांचं गाव आणि उगमाची जबाबदारी

मंडळी, नकाशा उघडा. त्र्यंबकपासून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत जेमतेम 80 किलोमीटर. पण ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि तब्बल 1465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. याच डोंगररांगेच्या पलीकडच्या अंगाला उगम पावणारी वैतरणा मात्र अरबी समुद्राकडे जाते. म्हणजे पाऊस डोंगराच्या कुठल्या अंगाला पडला, यावर तो कुठल्या समुद्रात जाणार हे ठरतं. आपलं त्र्यंबक अशा जागी बसलंय.

2011 च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या सुमारे 12 हजार. नाशिकच्या एखाद्या प्रभागाएवढी पण नाही. पण इतिहास केवढा! नानासाहेब पेशव्यांनी 1755 च्या सुमारास आजच्या काळ्या पाषाणातल्या मंदिराचं काम सुरू केलं, ते पुरं व्हायला तीस वर्षं लागली. कुशावर्त बांधलं होळकरांचे फडणीस रावजी आबाजी पारनेरकर यांनी. 1818 मध्ये किल्ला इंग्रजांनी घेतला. 1857 च्या डिसेंबरात भिल्ल-ठाकरांनी इथल्या खजिन्यावर हल्ला केला. संत निवृत्तिनाथांची समाधी इथलीच. पौष वद्य एकादशीला गाव दिंड्यांनी भरून जातं.

आणि मेटं! ब्रह्मगिरीभोवतीच्या वाड्यांना आपण गंगाद्वार मेट, सुपलीची मेट म्हणतो. मेट म्हणजे किल्ल्याच्या पहाऱ्याची चौकी. तिथल्या लोकांचे पूर्वज डोंगराची राखण करायचे. आज त्याच डोंगराच्या पायथ्याला जेसीबी लागतो, तेव्हा ओरडायला पहिले तेच उभे राहतात. कारण दरड कोसळली तर ती आधी त्यांच्या घरावर येणार.

आता मुद्द्याचं. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आलाय. घाट, रस्ते, पार्किंग यांच्यासाठी कोटींचे आकडे ऐकू येतायत. काम व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. लाखो माणसं येणार, त्यांची सोय नको का? लॉजवाले, पूजा साहित्यवाले, रिक्षावाले, सगळ्यांची चूल यात्रेवरच पेटते. हे मलाही मान्य.

पण नदीचं काय? गावातून जाणारी गोदावरी आपण स्लॅबखाली घातली. वर रस्ता, खाली गंगा. बाहेरगावचा भाविक विचारतो, "गोदावरी कुठंय?" आणि आपण पायाखाली बोट दाखवतो. यापेक्षा लाजिरवाणं काय असणार?

पावसाळ्यात इथं धो धो कोसळतो, आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांवर बायाबापड्या हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. पाऊस कमी म्हणून नाही. उतार उघडे पडले, खालचा काळा पाषाण पाणी फारसं धरत नाही, मग सगळं वाहून जातं. झाडं आणि माती टिकली तरच झरे टिकतात. मंदिर बांधणाऱ्यांच्या काळात तलाव आणि कुंडंही बांधली गेली. पाणी अडवल्याशिवाय तीर्थ टिकत नाही, हे त्या लोकांना कळत होतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सिंहस्थाच्या कामांच्या यादीत पहिल्या तीन ओळी अशा असाव्यात: ब्रह्मगिरीच्या उतारावरचं खोदकाम पूर्ण बंद. गावाचं सांडपाणी नदीत जाण्याआधी शुद्ध करण्याची यंत्रणा, आणि तीही मेळ्यानंतर चालू राहणारी. आणि जिथं शक्य आहे तिथं स्लॅब काढून नदी उघडी करणं. घाट, पार्किंग त्यानंतर.

बारा हजार लोकांच्या नगरपरिषदेला हे एकटीला झेपणार नाही, हेही खरं. गोदाकाठी राहणाऱ्या सगळ्यांचं पाणी इथून सुरू होतं, तर खर्चाचा वाटा राज्यानं उचलायला हवा. पण मागणी गावातूनच गेली पाहिजे. साधू मेळा संपला की निघून जातील, भाविक संध्याकाळच्या बसनं. राहणार आपण, आणि आपली गंगा.

त्र्यंबककरांनो, आणि नाशिककरांनो तुम्ही पण, काय वाटतं? पटत नसेल तरी लिहा. गप्प मात्र बसू नका.